पित्ताशयातील खडे : काढे, वनस्पती आणि आहार यांचा उपयोग कुठपर्यंत?

कृष्णातीर (धागालेखक)

नमस्कार मंडळी.

माझ्या आईला (वय ५८, मुक्काम सांगली) गेल्या काही महिन्यांपासून जड जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळा येत होत्या. कळ हळूहळू वाढत जाई, पाठीतून उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत पोहोचे आणि तास-दीड तासाने ओसरे. आम्लपित्ताच्या गोळ्यांनी फरक पडेना, म्हणून सोनोग्राफी करून घेतली. पित्ताशयात अनेक खडे असून सर्वांत मोठा ११ मिलिमीटरचा आहे, पित्ताशयाची भिंत जाड झालेली नाही आणि मुख्य पित्तनलिका रुंदावलेली नाही, असे अहवालात लिहिले आहे. शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला आहे.

हे कळल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एकेक उपाय सांगून जातो. कुळथाचे कढण, पानफुटीची पाने, केळीच्या खांबाचा रस, भुईआवळीचा काढा, उपाशीपोटी हळद, सफरचंदाचा रस आणि त्यावर ऑलिव्ह तेल व लिंबू अशी यादी झाली आहे. आईचा वनौषधींवर मनापासून विश्वास आहे आणि मलाही त्यांच्याविषयी आदर आहे. शस्त्रक्रियेला आमचा विरोध नाही. मात्र, यांपैकी कोणती गोष्ट शरीरात काय करते, कशाने उपयोग होण्याची शक्यता आहे आणि कशाने अपाय, हे समजून घेतल्याशिवाय तिला काहीही द्यायचे नाही असे मी ठरवले आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानपाखरू

माझ्या मामांचा ८ मिलिमीटरचा खडा पानफुटीच्या पानांनी पडला. रोज सकाळी दोन पाने चावून खात आणि पाणी भरपूर पीत. आपण काही दिवस करून पाहायला हरकत नसावी.

निवृत्त शल्यक

रानपाखरू, आपल्या मामांचा खडा लघवीवाटे पडला असणार, म्हणजे तो मुतखडा होता. धागालेखकाच्या आईंचा खडा वेगळ्या अवयवात, वेगळ्या द्रवात आणि वेगळ्या कारणाने तयार झालेला आहे. या दोन आजारांची गल्लत मी माझ्या साऱ्या व्यवसायकाळात पाहिली आहे आणि तिच्यामुळे रुग्ण फार उशिरा आलेलेही पाहिले आहेत, म्हणून थोडे मुळापासून लिहितो.

यकृत दिवसाकाठी साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. त्यातील काही भाग पित्ताशयात साठतो. ही पिशवी जेमतेम ३० ते ५० मिलिलिटरची असते, पण ती पित्तातले पाणी शोषून त्याला दाट करते. पित्तात कोलेस्टेरॉल असते आणि ते पाण्यात विरघळत नसल्यामुळे पित्तक्षार व लेसिथिन यांच्या आधाराने द्रवरूपात राहते. कोलेस्टेरॉलचे प्रमाण या दोघांच्या क्षमतेबाहेर गेले, आणि त्यातच पित्ताशय नीट आकुंचन पावत नसेल, तर त्याचे स्फटिक बनू लागतात. आधी गाळ साठतो आणि त्याचे पुढे खडे होतात. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे हे प्रमाण अधिक आढळते. गर्भारपण, लठ्ठपणा, मधुमेह आणि झपाट्याने उतरवलेले वजन ही आणखी काही कारणे.

मुतखड्यात भरपूर पाणी प्यायल्याने लघवी पातळ होते आणि लहान खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताशयाच्या बाबतीत तसे घडत नाही. प्यायलेले पाणी पित्ताशय धुऊन काढत नाही. पित्ताशयाची नळी अरुंद असून तिच्या आत मळसूत्रासारख्या घड्या असतात. पुढे मुख्य पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुतेकांमध्ये एकाच मुखाने लहान आतड्यात उघडतात. खडा ‘पडला’ तर तो या वाटेने जाणार, आणि वाटेत अडकला तर कावीळ, पित्तमार्गाचा जंतुसंसर्ग किंवा स्वादुपिंडाचा दाह यांपैकी काहीही होऊ शकते. मुतखडा पडावा अशी आपण इच्छा करतो. पित्ताशयातला खडा जागचा हलू नये, अशी इच्छा करावी लागते.

वैद्य माधवी

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. मी आयुर्वेदाची चिकित्सक आहे आणि माझ्याकडेही असे रुग्ण नेहमी येतात, म्हणून ग्रंथाधार व अनुभव दोन्ही मांडते.

सुश्रुतसंहितेत अश्मरीचे जे तपशीलवार वर्णन आहे, ते मूत्रमार्गातील खड्याचे आहे. श्लेष्मज, पित्तज, वातज आणि शुक्रज असे चार प्रकार तेथे सांगितले असून त्या सर्वांचा संबंध बस्तीशी, म्हणजे मूत्राशयाशी आहे. वरुण, गोखरू, पाषाणभेद आणि कुळीथ या द्रव्यांची योजना त्या व्याधीसाठी आहे. पानफुटी आणि केळीच्या खांबाचा रस हे घरगुती उपायही लोकपरंपरेत मुतखड्यासाठीच वापरले जातात. त्यामुळे ‘आयुर्वेदात खड्यावर औषध आहे’ एवढ्या भांडवलावर ही द्रव्ये पित्ताशयाच्या खड्यासाठी देणे शास्त्राला धरून होत नाही. कुळथाचे कढण किंवा पिठले अन्न म्हणून जरूर घ्यावे, ते सकस आहे. त्याने पित्ताशयातला खडा विरघळेल ही अपेक्षा मात्र ठेवू नये.

यकृत व पित्तावर काम करणारी द्रव्ये निराळी आहेत : कुटकी, भुईआवळी, काडेचिराईत, पुनर्नवा. यांपैकी कुटकी ही पित्ताचे विरेचन करणारी, म्हणजे पित्त पुढे ढकलून मलावाटे बाहेर काढणारी मानली जाते. भूक मंदावणे, तोंड कडू होणे, शौचाला साफ न होणे अशा तक्रारींमध्ये मी ती योग्य मात्रेत वापरते. परंतु पित्ताशयात मोकळे फिरणारे खडे असताना त्याला जोराने आकुंचन पावायला लावणारे कोणतेही औषध मी देत नाही. जो गुण एरवी उपकारक, तोच येथे जोखमीचा ठरतो.

आरोग्यवर्धिनी ही गोळी अनेक जण परस्पर दुकानातून आणून घेतात, म्हणून तिच्याविषयीही लिहिणे भाग आहे. तिच्यात कुटकीचे प्रमाण मोठे असतेच, शिवाय शोधित पारा, गंधक आणि ताम्रभस्मही असते. ती वैद्याच्या देखरेखीशिवाय महिनोन् महिने घेण्याची वस्तू नव्हे. गुळवेलीबाबतही डोळसपणा हवा. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, हेही तितकेच खरे. वाद कोणत्याही बाजूने सुटो, कावीळ झालेल्या किंवा होण्याची भीती असलेल्या माणसाने कोणताही काढा स्वतःच्या मनाने सुरू करू नये, असे मी माझ्या प्रत्येक रुग्णाला बजावते.

ऑकलंडकर

ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या उपायाबद्दल लिहितो, कारण इकडे न्यूझीलंडमध्ये तो बराच लोकप्रिय आहे आणि त्याचा उलगडाही इथल्याच डॉक्टरांनी केला आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली त्यांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. एका स्त्रीने दिवसभर सफरचंदाचा व भाज्यांचा रस घेतला आणि संध्याकाळनंतर काही तासांत ६०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल व ३०० मिलिलिटर लिंबाचा रस प्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी शौचातून हिरवे, मऊसर गोळे पडले, ते तिने जपून ठेवले आणि डॉक्टरांना दाखवले. तपासणीत त्या गोळ्यांमध्ये कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातील पिवळे रंगद्रव्य) आणि कॅल्शियम यांपैकी काहीही सापडले नाही. ४० अंश सेल्सिअसला ते दहा मिनिटांत वितळून तेलकट हिरवा द्रव झाला. त्यांचा सुमारे ७५ टक्के भाग मेदाम्लांचा होता. पचनसंस्थेतील विकरांनी तेलाचे विघटन केले आणि त्यातून आतड्यातच साबणासारखे गोळे बनले, असा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणजे हा उपाय करणाऱ्या प्रत्येकाला ‘खडे पडलेले’ दिसणारच, मग त्याच्या पित्ताशयात मुळात खडे असोत वा नसोत. अशा गोळ्यांची छायाचित्रे समूहांवर फिरतात आणि ती पाहून लोकांचा विश्वास बसतो. शिवाय एवढे तेल एकदम पोटात गेल्यावर पित्ताशय जोराने आकुंचन पावते. आपल्या आईंना हे कृपया देऊ नका.

रानपाखरू

निवृत्त शल्यक, मामांना फोन करून विचारले. खडा मूत्रपिंडातलाच होता. स्पष्ट केल्याबद्दल आभार. आता हळदीविषयीही कोणी लिहिले तर बरे होईल, कारण आमच्याकडे हळदीचे दूध रोजचे आहे.

आहारविचार

मी आहारतज्ज्ञ आहे. हळदीपासूनच सुरुवात करते, कारण या विषयात तिच्याइतका चांगला अभ्यास झालेली स्वयंपाकघरातली वस्तू विरळाच.

इंडोनेशियातील संशोधकांनी निरोगी व्यक्तींना २० मिलिग्रॅम कुर्क्युमिन देऊन सोनोग्राफीने पित्ताशयाचे आकारमान मोजले, तेव्हा ते सुमारे ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणजे हळदीतील हा घटक पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतो. खडे नसलेल्या माणसात पित्त साचून राहू नये यासाठी हा गुण उपयोगाचा असू शकेल. ज्याच्या पित्ताशयात खडे आहेत, आणि विशेषतः ज्याला कळा येऊन गेल्या आहेत, त्याने मात्र कुर्क्युमिनच्या गोळ्या घेऊ नयेत. हळदीत कुर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. चार माणसांच्या भाजीत घातलेली चिमूटभर हळद वाटून प्रत्येकाच्या वाट्याला किती येते, याचा विचार केला तर रोजच्या स्वयंपाकातली हळद बंद करण्याची गरज नाही हे लक्षात येईल. ५०० मिलिग्रॅमची गोळी किंवा उपाशीपोटी चमचाभर हळद ही निराळी गोष्ट आहे. हळदीच्या दुधाचे म्हणाल, तर खडे असलेल्यांना सायीच्या दुधाचा त्रास अधिक होतो. कळा येत असतील तर ते टाळावे.

मेथी, कांदा आणि लसूण यांवर म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने बरेच काम केले आहे. उंदरांना खडे होतील असा कोलेस्टेरॉलयुक्त आहार देऊन, त्यासोबत मेथीदाणे, कांदा किंवा लसूण दिल्यावर खडे होण्याचे प्रमाण घटले. मेथीमुळे आधीच झालेले खडेही कमी झाल्याचे त्यांनी नोंदवले आहे. हे काम मोलाचे आहे. मात्र ते उंदरांवरचे आहे आणि माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षे वाढलेल्या ११ मिलिमीटरच्या खड्याला ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. मेथीची भाजी खावी, भिजवलेले मेथीदाणे पचत असतील तर तेही घ्यावेत, पण औषध म्हणून त्यांवर विसंबून तपासणी लांबवू नये.

खडे होऊ नयेत यासाठी आहाराचा उपयोग होतो, याला माणसांवरील मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांचा आधार आहे. अमेरिकेत हजारो परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिक यांच्या आहाराची अनेक वर्षे नोंद ठेवली गेली. त्यांत नियमित शेंगदाणे, बदाम, अक्रोड खाणाऱ्यांमध्ये पित्ताशयाचे आजार कमी आढळले. दिवसाला दोन-तीन कप कॉफी पिणाऱ्या पुरुषांमध्ये हा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. कोंड्यासह दळलेले धान्य, भाज्या आणि वनस्पतिजन्य प्रथिने यांचाही संबंध अनुकूल दिसला. डाळी-कडधान्यांबाबत एक कोडे आहे. चिलीमध्ये १९८९ साली तरुणांना भरपूर कडधान्यांचा आहार दिल्यावर त्यांच्या पित्तातील कोलेस्टेरॉलची संपृक्तता, म्हणजे खडे बनण्यास अनुकूल स्थिती, वाढलेली आढळली होती. एवढ्यावरून आपली आमटी-उसळ सोडावी असे मी म्हणणार नाही, कारण अमेरिकेतील अभ्यासात वनस्पतिजन्य प्रथिनांचा कल उलट दिशेने आहे. पण ‘वनस्पतिजन्य म्हणजे हमखास हितकारक’ असे सरसकट सूत्र या विषयात लागू पडत नाही, हे यावरून दिसते.

आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित मुद्दा उपवासाचा आहे. अन्नातील स्निग्धांश आतड्यात पोहोचला की पित्ताशय रिकामे होते. दिवसभर काही खाल्ले नाही, तर पित्त पिशवीतच साचून दाट होत राहते. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरवणाऱ्यांमध्ये खडे होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते. त्यामुळे वजन कमी करायचे असेल तर ते सावकाश करावे आणि जेवणातून तेल-तूप पूर्ण हद्दपार करू नये. सलग निर्जळी उपवास करून नंतर साबुदाणा वडे आणि शेंगदाण्याची आमटी यांवर ताव मारणे हा तर पित्ताशयासाठी दुहेरी त्रास आहे.

वैनगंगा

गडचिरोलीहून लिहीत आहे. वरील चर्चा प्रामुख्याने कोलेस्टेरॉलच्या खड्यांबाबत आहे. आमच्या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्यात पित्ताशयाचे खडे अगदी शाळकरी वयातही आढळतात. तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने बिलिरुबिन वाढते आणि त्याचे काळे खडे बनतात. त्यांचा तेलकट खाण्याशी किंवा वजनाशी संबंध नसतो, आणि कोलेस्टेरॉलचे खडे विरघळवणाऱ्या गोळीचाही त्यांवर परिणाम होत नाही. अशा मुलांना कावीळ दिसली की गावाकडे आधी झाडपाल्याचे औषध दिले जाते. ती कावीळ पेशी फुटल्यामुळे आहे, यकृताची आहे की नळीत खडा अडकल्यामुळे आहे, हे रक्ततपासणी आणि सोनोग्राफीशिवाय कळत नाही, म्हणून विदर्भातील व नंदुरबारकडील वाचकांनी हे जरूर ध्यानात ठेवावे.

निवृत्त शल्यक

वैनगंगा यांनी अत्यंत महत्त्वाची भर घातली आहे. त्यांनी उल्लेखलेल्या गोळीविषयी लिहितो.

खडा विरघळवणारे औषध म्हणून आधुनिक वैद्यकात अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल वापरले जाते. हा पदार्थ अस्वलाच्या पित्तात असतो आणि चिनी वैद्यकात ते पित्त फार पूर्वीपासून वापरात होते. आज तो कारखान्यात तयार होतो. म्हणजे परंपरेतून आलेल्या द्रव्याचा उपयोग होऊच शकत नाही असे कोणी समजू नये. परंतु त्याच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत. खडे कोलेस्टेरॉलचे हवेत, त्यांत कॅल्शियम साचलेले नको, ते लहान हवेत, शक्यतो ५ मिलिमीटरच्या आतले, आणि पित्ताशय नीट काम करणारे हवे. इतके जुळून आले तरी गोळ्या सहा महिने ते दोन वर्षे घ्याव्या लागतात आणि त्या थांबवल्यावर पाच वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांत खडे पुन्हा होतात. शुद्ध स्वरूपात, मोजून दिलेल्या औषधाची ही स्थिती आहे, हे लक्षात घेऊन काढ्यांच्या दाव्यांकडे पाहावे.

‘काढा घेतला आणि खडा १२ वरून ९ मिलिमीटर झाला’ असे अहवाल मला अनेकांनी दाखवले. सोनोग्राफी करणारी व्यक्ती, यंत्र आणि खड्याचा त्या वेळचा कोन बदलला की दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. अनेक खडे एकमेकांना चिकटून असले की त्यांची मोजणीही बदलते. पोट रिकामे नसेल तर पित्ताशय आकसलेले असते आणि खडे नीट दिसत नाहीत. गाळ असेल तर तो कित्येकदा आपोआप नाहीसा होतो, बाळंतपणानंतर तर पुष्कळदा. म्हणून उपाशीपोटी, शक्यतो त्याच ठिकाणी केलेल्या तपासण्यांचीच तुलना करावी.

ज्यांना खडे आहेत पण काहीही त्रास नाही, त्यांनी शस्त्रक्रियेची घाई करण्याचे कारण नसते. अशा रुग्णांपैकी दरवर्षी फार थोड्यांनाच त्रास सुरू होतो. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीत साचलेले कॅल्शियम, पित्ताशयातली मोठी गाठ अशा स्थितीत मात्र त्रास नसतानाही विचार करावा लागतो. उत्तर भारतात गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्यामुळे तेथील डॉक्टर याबाबत अधिक सावध असतात. धागालेखकाच्या आईंना कळा येऊन गेल्या आहेत. एकदा कळा सुरू झाल्या की त्या पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते, म्हणून त्यांना दिलेला सल्ला मला योग्य वाटतो. ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया भारतात प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केली. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी नित्याने होते आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात.

कृष्णातीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला हा सारा धागा मोठ्याने वाचून दाखवला. वैद्य माधवी यांचा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला आणि मग शस्त्रक्रियेला होकार दिला. पुढील महिन्यातली तारीख मिळाली आहे. तोपर्यंत काय खावे, काय टाळावे, आणि कोणती लक्षणे दिसली तर तारखेची वाट पाहू नये, हे कृपया सांगावे. ती एका नातेवाइकांनी दिलेल्या लसणाच्या गोळ्याही घेते.

निवृत्त शल्यक

दुखणे पाच-सहा तासांहून अधिक टिकले, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसू लागले, लघवी गडद आणि शौच पांढुरके झाले, किंवा वरच्या पोटात सुरू झालेली तीव्र वेदना थेट पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्यावे. लसणाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अशा गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि हळदीचे अर्क शस्त्रक्रियेच्या किमान आठवडाभर आधी थांबवावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. नेमके दिवस भूलतज्ज्ञ ठरवतील, त्यासाठी त्यांना घेत असलेल्या प्रत्येक चूर्णाचे आणि काढ्याचे नाव सांगावे, डबी सोबत नेली तर उत्तमच. फोडणीतल्या लसणाबद्दल काळजी नको.

आहारविचार

तोपर्यंत तळलेले पदार्थ, साय, लोणी, मटणाचा तेलकट रस्सा आणि मेजवानीचे भरपेट जेवण टाळावे. ज्वारीची भाकरी, फुलके, मऊ भात, मुगाची आमटी, दुधी, दोडका, पडवळ, पालेभाज्या, ताक, पपई, पेरू असे साधे जेवण थोडे थोडे करून चार वेळा द्यावे आणि रोजच्या स्वयंपाकात चमचा-दोन चमचे तेल राहू द्यावे. एकादशी असली तरी उपाशी ठेवू नये. शस्त्रक्रियेनंतर पित्त पिशवीत न साठता थेट आतड्यात जाते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे काहींना पातळ शौचाचा त्रास होतो. तेव्हा स्निग्ध पदार्थ हळूहळू वाढवावेत, आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल पाण्यात भिजवून घेतल्यास बहुतेकांना आराम पडतो.